साथ, परका माणूस आणि न्यायालय



साथ आली की सरकारच्या हाती एक मोठा अधिकार येतो. गुन्हा केलेला नसताना माणसाला अडकवून ठेवण्याचा हा अधिकार आहे. एरवी पोलिसांनी कोणाला पकडले तर चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. साथीत तसे घडत नाही. तुम्ही अमुक गावाहून आलात, अमुक गाडीत बसला होतात, एवढे कारण पुरते. हा अधिकार सरकारला नसावा असे कोणीही जाणता माणूस म्हणणार नाही. रोग आवरायचा तर थोडी अडवणूक होणारच. प्रश्न पुढचा आहे. हा अधिकार सर्वांत आधी कोणावर चालतो, तो किती दिवस चालतो, आणि तो अतिरेकाने चालला तर दाद कोठे मागायची? या तीन प्रश्नांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास आज आपल्यापुढे मांडायचा आहे. त्याचा एक धागा सुरतेतून आणि मुंबईतून निघतो आणि औरंगाबाद व नागपूरच्या न्यायालयांत येऊन पोहोचतो.

प्रारंभ १८९६ सालापासून करू. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी सापडले. पुढच्या काही महिन्यांत मुंबई निम्मी रिकामी झाली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग प्रतिबंधक कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. पहिले कलम नावाचे. दुसऱ्याने सरकारला वाटतील ते नियम करण्याची मुभा दिली. रेल्वेने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करणे आणि संशयितांना वेगळे ठेवणे हेही त्यात आले. तिसऱ्याने नियम मोडणाऱ्याला शिक्षा ठरवली. चौथ्याने सांगितले की सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर कोणताही दावा चालणार नाही. म्हणजे अधिकार देणारे कलम होते, शिक्षा करणारे होते, अधिकाऱ्याला संरक्षण देणारेही होते. अडकवलेल्या माणसाने दाद कोठे मागावी हे सांगणारे कलम मात्र नव्हते. पुण्यात रँडच्या कारकिर्दीत या अधिकाराचा वापर कसा झाला, २२ जून १८९७ च्या रात्री त्याची परिणती कशात झाली, आणि त्याच वर्षी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची शिक्षा कशी झाली, हे मराठी घरात वेगळे सांगायला नको.

त्याच हिवाळ्यात हिंदी महासागराच्या पलीकडे जे घडत होते, ते मात्र आपल्याकडे कमी सांगितले जाते. नोव्हेंबर १८९६ च्या अखेरीस ‘कोर्लंड’ आणि ‘नादेरी’ या दोन आगबोटी मुंबईहून दक्षिण आफ्रिकेकडे निघाल्या. दोन्हींवर मिळून सहाशेच्या आसपास उतारू होते. नाताळ वसाहतीतल्या हिंदी व्यापाऱ्यांत सुरत, रांदेर, कठोर या आपल्या परिसरातल्या लोकांचा भरणा मोठा होता. ‘कोर्लंड’वर मोहनदास करमचंद गांधी हे तरुण बॅरिस्टर सहकुटुंब होते. १८ डिसेंबर रोजी दोन्ही बोटी डर्बनच्या बंदराबाहेर पोहोचल्या. बोटींवर प्लेगचा एकही रोगी नव्हता. पण नेमक्या त्याच सुमारास नाताळ सरकारने मुंबई हे रोगग्रस्त बंदर असल्याचा जाहीरनामा काढला आणि बोटी समुद्रातच थांबवल्या. सुरुवातीला थोड्या दिवसांची वाटलेली मुदत वाढत गेली. किनाऱ्यावर गोऱ्या रहिवाशांच्या सभा भरत होत्या, आणि त्या सभांत रोगाची चर्चा थोडी होती. हिंदी माणसे उतरूच द्यायची नाहीत, ही मागणी मोठी होती. १३ जानेवारी १८९७ रोजी उतारूंना जमिनीवर पाय ठेवता आला. म्हणजे निरोगी माणसे जवळजवळ चार आठवडे बंदराच्या तोंडाशी अडकून होती.

बोटींचे काम पाहणाऱ्या दादा अब्दुल्ला यांच्या पेढीने वकिलांमार्फत सरकारला पत्रामागून पत्र पाठवले. त्या पत्रांतला मुद्दा साधा होता. क्वारंटाइन रोगासाठी असते. रोग नसताना, लोकमत शांत व्हावे म्हणून, माणसांना बोटीवर ठेवण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने दिला? मार्च १८९७ मध्ये हिंदी व्यापाऱ्यांनी वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांच्याकडे सविस्तर अर्ज पाठवला, त्यातही हीच तक्रार होती. तिला नाताळच्या विधिमंडळाने दिलेले उत्तर विचार करण्यासारखे आहे. जे कायद्यात बसत नव्हते, ते त्यांनी कायद्यात बसवले. १८९७ सालीच क्वारंटाइनच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि रोगग्रस्त ठरवलेल्या बंदरातून आलेल्या बोटीवरील माणसांना उतरूच न देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पाठोपाठ स्थलांतर निर्बंधाचा कायदा आला. त्यात युरोपीय भाषा लिहिता येण्याची अट होती. साथ ओसरली, पण तिच्या निमित्ताने बांधलेली भिंत उभी राहिली. या इतिहासातून घेण्याचा पहिला धडा हाच आहे.

दुसरा प्रसंग १९०० सालच्या सॅन फ्रान्सिस्कोचा. तेथे प्लेगचा संशय आला तो चिनी वस्तीत. शहराच्या आरोग्य मंडळाने हुकूम काढला की चिनी माणसाने हाफकिन लस टोचून घेतल्याशिवाय शहर सोडायचे नाही. ही लस वाल्देमार हाफकिन यांनी आपल्या मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून पाहिलेली. लस चांगलीच होती. हुकूम मात्र फक्त चिनी आणि इतर आशियाई माणसांपुरता होता. एका चिनी व्यापाऱ्याने फेडरल न्यायालयात धाव घेतली. न्यायाधीश विल्यम मॉरो यांनी मे महिन्यात तो हुकूम अडवला. मग मंडळाने सगळ्या चिनी वस्तीला वेढा घातला. ही हद्द आखताना रेषा वळवून गोऱ्यांची दुकाने तेवढी बाहेर ठेवलेली होती. दुसरा अर्ज आला आणि १५ जून १९०० रोजी त्याच न्यायाधीशांनी वेढा उठवायला लावला. त्यांचे म्हणणे असे की आरोग्य मंडळाला अधिकार आहे, पण तो सर्वांना सारख्या हाताने लावला पाहिजे. शिवाय दहा हजारांच्या वस्तीत निरोगी आणि रोगी यांना एकत्र कोंडले तर रोग आवरण्याऐवजी वाढेल.

नाताळमध्ये जे वकिलांच्या पत्रांत राहिले, ते सॅन फ्रान्सिस्कोत न्यायनिर्णयात उतरले. या दोन प्रसंगांतून तीन कसोट्या हाती लागतात. अडवणुकीमागे रोगाचे खरे कारण आहे की रोगाचे नाव पुढे केले आहे? नियम सर्वांना सारखा आहे का? आणि कारण संपले की अडवणूक संपते का? या कसोट्या घेऊन आता २०२० सालाकडे येऊ.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमध्ये तबलिगी जमातीचे लोक मोठ्या संख्येने होते. त्यांत अनेकांना लागण झाली होती, काहींचा मृत्यू झाला होता, आणि तेथून लोक देशभर गेले होते. चिंता करण्यासारखी परिस्थिती होती, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. २ एप्रिल रोजी केंद्रीय गृहखात्याने ९६० परदेशी नागरिकांचे पर्यटक व्हिसा रद्द केले व त्यांची नावे काळ्या यादीत घातली. राज्याराज्यांत गुन्हे दाखल झाले. विमाने बंद होती, व्हिसा रद्द झाले होते, परत जाता येत नव्हते, आणि राहिले तर गुन्हा होत होता, अशी त्या माणसांची अवस्था झाली.

महाराष्ट्रात तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मशिदींत असे काही परदेशी सापडले. आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबूती, बेनिन, इंडोनेशिया अशा देशांचे हे लोक. त्यांच्यावर भारतीय दंड संहिता, १८९७ चा तोच साथरोग कायदा, आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि १९४६ चा परकीय नागरिक कायदा यांखाली गुन्हे नोंदले गेले. आरोपाचा गाभा असा की पर्यटक व्हिसावर येऊन त्यांनी धर्मप्रचार केला आणि टाळेबंदी मोडली. त्यांना आश्रय देणाऱ्या मशिदींच्या विश्वस्तांवरही गुन्हे होते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे त्यांचे अर्ज आले. २१ ऑगस्ट २०२० रोजी न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि न्यायमूर्ती एम. जी. सेवलीकर यांनी २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. निकालपत्राची मांडणी पायरीपायरीने पाहण्याजोगी आहे. हे लोक वैध व्हिसा घेऊन, विमानतळावरची तपासणी होऊन, उघडपणे आले होते. व्हिसाच्या नियमांत धर्मस्थळांना भेट देण्यास व धार्मिक प्रवचन ऐकण्यास बंदी नव्हती. बंदी धर्मप्रचाराला होती, आणि प्रचाराचा पुरावा नव्हता. टाळेबंदीत लॉज, हॉटेले बंद झाली तेव्हा मशिदीने त्यांना निवारा दिला. अडकलेल्या माणसाला आसरा देणे हा आदेशाचा भंग ठरत नाही. संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क ‘व्यक्ती’ला दिलेला आहे, त्यामुळे तो परक्यालाही आहे. यापुढे जाऊन न्या. नलावडे यांनी लिहिले की संकटाच्या काळात सत्तेला बळीचा बकरा शोधावासा वाटतो, आणि या परदेशी लोकांची तशी निवड झाली असण्याची शक्यता दिसते. ‘अतिथी देवो भव’ असे म्हणणारे आपण खरोखर तसे वागतो आहोत का, असाही प्रश्न त्यांनी विचारला. प्रसारमाध्यमांतून झालेल्या प्रचारावरही त्यांनी बोट ठेवले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. न्या. सेवलीकर यांनी गुन्हे रद्द करण्यास संमती दिली, पण निकालपत्रातील काही निरीक्षणांशी आपण सहमत नसल्याचे नमूद केले. म्हणजे सरकारच्या हेतूविषयी दोन न्यायमूर्तींचे मत एक नव्हते. पुरावा नाही, म्हणून खटला चालू नये, यावर मात्र ते एक होते. मला या निकालाचे खरे बळ येथेच दिसते. हेतूविषयी माणसांची मते राजकारणाप्रमाणे बदलतील. पुराव्याची मागणी बदलता कामा नये.

महिन्याभराने, २१ सप्टेंबर २०२० रोजी, नागपूर खंडपीठात न्यायमूर्ती व्ही. एम. देशपांडे आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी म्यानमारच्या आठ नागरिकांवरील कारवाई रद्द केली. हे लोक मार्चच्या सुरुवातीलाच नागपुरात आले होते, म्हणजे टाळेबंदीच्या कितीतरी आधी. विलगीकरणात त्यांची चाचणी झाली, ती नकारात्मक आली. त्यांना येथील भाषा येत नव्हती. आपल्याच भाषेत ते धर्मग्रंथ वाचत होते. ज्याला ऐकणाऱ्याची भाषा येत नाही त्याने प्रचार कसा केला, हा प्रश्न कोणाही सामान्य माणसाला पडावा. ज्यांना रोग नव्हता त्यांनी रोग पसरवला, या आरोपालाही आधार उरला नाही.

अन्यत्रही अशीच प्रकरणे चालू होती. तमिळनाडूत परदेशी तबलिगींना कारागृहाच्या आवारातील खास छावणीत ठेवले होते. १२ जून २०२० रोजी मदुराई खंडपीठाचे न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी, त्यांनी पुरेसे सोसले आहे, आता त्यांना मायदेशी जाऊ द्या, अशा भूमिकेने प्रकरण मिटवले. दिल्लीत २८ मे रोजी उच्च न्यायालयाने ९५५ परदेशी नागरिकांना संस्थात्मक विलगीकरणातून नऊ पर्यायी ठिकाणी हलवण्यास परवानगी दिली. पुढे त्यांतल्या बहुतेकांनी किरकोळ कबुली देऊन, दंड भरून घर गाठले. ४४ जणांनी मात्र खटला लढवण्याचे ठरवले. त्यांपैकी ८ जण आरोपनिश्चितीच्या वेळीच सुटले, उरलेले ३६ जण १५ डिसेंबर २०२० रोजी निर्दोष ठरले. ज्यांनी दंड भरला ते दोषी होते की त्यांना लवकर घरी जायचे होते, हे निकालाच्या कागदावरून कळत नाही. अडकवून ठेवणे हीच शिक्षा होऊन बसली की माणूस न्यायाऐवजी तिकीट मागतो.

आता परक्या माणसाच्या स्थानबद्धतेचा अगदी थेट प्रश्न पाहू. आसामात परकीय ठरवलेल्या लोकांना गोआलपाडा, तेजपूर, सिल्चर, दिब्रुगड, जोरहाट आणि कोक्राझार येथे तुरुंगांच्याच आवारात ठेवले जात असे. यांतील कित्येक जण पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहिल्याचे सांगत. कागद जुळले नाहीत म्हणून ते परकीय ठरले. २०१९ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षे काढलेल्यांना सोडण्याची वाट दिली होती, पण अट एक लाखाच्या हमीची आणि दोन जामीनदारांची. कोरोनाच्या सुरुवातीला, २३ मार्च २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील गर्दी कमी करण्यासाठी राज्याराज्यांत उच्चाधिकार समित्या नेमायला सांगितले. त्याच प्रकरणात स्थानबद्धांच्या वतीने अर्ज आले. १३ एप्रिल २०२० रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने तीन वर्षांची मुदत दोन वर्षांवर आणली आणि लाखाची हमी पाच हजारांवर. नागपूरच्या एका मराठी न्यायमूर्तीच्या अध्यक्षतेखाली झालेला हा आदेश मोजक्या शब्दांचा आहे. पण ज्याच्याजवळ लाख रुपये नव्हते आणि पाच हजार जमू शकत होते, त्याच्यासाठी तो दार उघडणारा होता. गर्दीच्या कोठडीत अंतर पाळता येत नाही, हे साधे आरोग्याचे सत्य येथे स्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहिले.

अमेरिकेतही हाच वाद झाला. ३१ मार्च २०२० रोजी पेनसिल्व्हेनियातील फेडरल न्यायाधीश जॉन जोन्स यांनी, आजारी व वयस्क असलेल्या काही स्थलांतरितांना कोठडीत ठेवणे म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळणे आहे, असे म्हणत त्यांना सोडले. पण ऑगस्टमध्ये त्याच भागातील अपील न्यायालयाने अशा सुटकेविरुद्ध कौल दिला. म्हणजे साथीच्या काळात न्यायालय नेहमी परक्याच्या बाजूने उभे राहते, असा भाबडा निष्कर्ष काढता येणार नाही. दाद मागण्याची जागा उपलब्ध होती, आणि कारण सांगण्याची जबाबदारी सरकारवर आली, एवढेच खात्रीने म्हणता येते. डर्बनच्या समुद्रात अडकलेल्यांना तेवढेही मिळाले नव्हते.

श्रोतेहो, हा विषय गोडादऱ्यात कशासाठी, असे कोणाच्या मनात आले असेल. आपल्यापैकी अनेकांची मुळे जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. तापीच्या काठाकाठाने, सुरत-भुसावळ रेल्वेने आपले आजे-पणजे येथे आले. गिरण्यांत, मागांवर, बाजारात उभे राहिले. आज लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा येथे मराठी माणूस जुना रहिवासी म्हणवतो. पण सप्टेंबर १९९४ आठवा. सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून निघाली. सुरतेहून आलो, एवढे सांगताच समोरचा माणूस दोन पावले मागे सरत होता. कित्येक देशांनी भारतातून येणारी विमानेच थांबवली. त्या आठवड्यांत सुरतकर हा खानदेशात परका होता आणि भारतीय हा जगात परका होता.

२०२० मध्ये हे चित्र पुन्हा दिसले. मुंबई-पुण्याहून गावी परतलेल्यांना कोकणात, देशावर शाळांच्या खोल्यांत चौदा दिवस राहावे लागले. काही गावांनी रस्ते खणले, आडवी झाडे टाकली. महाराष्ट्राच्या उच्चाधिकार समितीने कैद्यांच्या तात्पुरत्या सुटकेचे निकष ठरवले, तेव्हा सुरुवातीला दोन गटांना एकाच ओळीत वगळले : परदेशी नागरिक आणि महाराष्ट्राबाहेर राहणारे. वाहतूक बंद होती, त्यामुळे यात व्यवहाराचाही भाग होता. तरी त्या ओळीचा अर्थ आपल्यासाठी स्पष्ट आहे. नाशिकच्या तुरुंगातला, सुरतेत घर असलेला मराठी कैदी त्या यादीत परदेशी माणसाशेजारी बसत होता.

आणि आपल्याच शहरात? १० एप्रिलच्या रात्री लसकाणा भागात ओडिशाचे यंत्रमाग कामगार घरी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर आले. ४ मे रोजी कडोदऱ्याजवळच्या वरेलीत तेच झाले. अटका झाल्या, अश्रुधूर झाला. ते परदेशी नव्हते. या देशात कोठेही जाण्याचा हक्क त्यांना संविधानाने दिलेला होता. ९ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंधरा दिवसांत स्थलांतरितांना गावी पोहोचवा, आणि टाळेबंदी मोडल्याबद्दल त्यांच्यावर लावलेले गुन्हे मागे घेण्याचा विचार करा, असे सांगितले. तोवर जे चालत निघाले होते त्यांना हा आदेश उशिरा पोहोचला.

परका ही काही जन्माने ठरणारी जात नाही. साथीच्या काळात रेषा सरकते. कधी ती देशाच्या हद्दीवर असते, कधी जिल्ह्याच्या, कधी गल्लीच्या तोंडाशी. आज रेषेच्या आत असलेला उद्या बाहेर असू शकतो. म्हणूनच अहमदनगरच्या मशिदीत सापडलेल्या आफ्रिकी प्रवाशाच्या खटल्यात पुराव्याची जी मागणी झाली, ती आपल्याही कामाची आहे.

शेवटी कायद्याची आजची स्थिती सांगतो. १८९७ चा साथरोग कायदा २०२० मध्ये दुरुस्त झाला. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी कडक शिक्षा आली, आणि ती योग्यच होती. अडकवलेल्या माणसाने दाद कोठे मागावी, हे सांगणारे कलम मात्र त्यात आजही आलेले नाही. १९४६ चा परकीय नागरिक कायदा गेला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून नवा स्थलांतर व परकीय नागरिक कायदा लागू झाला. पुढची साथ येईल तेव्हा हे दोन कायदे पुन्हा एकत्र वापरले जातील. त्या वेळी संविधानाचा एकविसावा अनुच्छेद आणि उच्च न्यायालयाचे दार एवढेच हाताशी असेल. ते दार आपोआप उघडत नाही; कोणीतरी अर्ज घेऊन जावे लागते. डर्बनला एका पेढीने वकील लावला, सॅन फ्रान्सिस्कोत एका दुकानदाराने, नगरमध्ये परक्यांबरोबर त्यांना आसरा देणारे विश्वस्तही न्यायालयात उभे राहिले. आपल्या वस्तीत पुढच्या वेळी नव्याने आलेला कोणी बिहारी, ओडिया, नेपाळी माणूस असा अडकला, तर त्याच्यासाठी तो अर्ज कोण लिहील, याचा विचार जुन्या रहिवाशांनी शांत काळातच करून ठेवावा, एवढीच विनंती.